पद्दूअण्णा आणि न जुळणारी काच

पद्दूअण्णा चहाचा पेला काठोकाठ भरून घ्यायचे आणि तो हातात धरून जिना चढायचे. धारवाडात सुभाष रोडवर त्यांचा फोटो स्टुडिओ पहिल्या मजल्यावर होता. खाली चहाचं दुकान आणि मधे सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना, त्यातली नववी पायरी ढिली. चहावाला रोज म्हणायचा, "अण्णा, वर पाठवून देतो की." अण्णा रोज दुर्लक्ष करायचे. चहा पेल्याच्या काठावर फुगून उभा असायचा, आणि हे मान मागे वळवून पाठीमागच्या माणसाशी गप्पा मारत वर जायचे. वर पोचल्यावर पेला टेबलावर ठेवून त्याची बाहेरची बाजू बोटाने पुसून दाखवायचे. "बघ. कोरडा."

मी पहिल्यांदा तिथे गेले ती ओळखपत्राच्या फोटोसाठी. हुबळीला विद्यानगरमधल्या एका कॉलेजात मला ग्रंथपालाची नोकरी लागली होती. जिन्याशी गाठ पडली तेव्हा ते पेला घेऊन निघालेच होते. "पुढनं जाऊ नका बाई, मागनं या," ते म्हणाले, "आणि मला हसवू नका." कुणाला हसवण्याचा आरोप माझ्यावर त्याआधी कधी झाला नव्हता. नवव्या पायरीवर त्यांनीच मागे वळून विचारलं, "ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांना पाळणारी की पुस्तकांनी पाळलेली?" मी हसले. चहा हलला नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला पुस्तकबाई केलं, आणि चौथ्या भेटीत अहोजाहोही सोडलं.

हा चहा म्हणजे त्यांचा रियाज होता. "गवई पहाटे उठून षड्ज लावतो. मी चहा चढवतो," असं ते सांगायचे. धारवाडात असं बोलायला धाडस लागतं, कारण ऐकणारा स्वतःच गवई निघण्याची शक्यता असते. पण अण्णांची कला खरोखर हातातच होती. नाव पद्मनाभ अळणावरकर. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लग्नं, मुंजी, शाळांची संमेलनं यांचं चित्रण केलं. दोन कन्नड सिनेमांत ते दुसरे कॅमेरामन होते. एवढ्या काळात त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला नाही. "स्टँड म्हणजे काठी. माणसाच्या हातात काठी आली की समजायचं, आता ह्याला खुर्ची द्या."

एकदा त्यांनी मलाही शिकवलं. कॅमेरा माझ्या हाती द्यायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून माझ्याच पिशवीतला जाडजूड मराठी-कन्नड शब्दकोश त्यांनी मला धरायला लावला. "कोपरं बरगड्यांना चिकटव. गुडघे थोडे मोड. आता दूध प्यायला निघालेल्या मांजरासारखी चाल. श्वास अर्धा सोड आणि तिथंच थांब." मी शब्दकोश छातीशी धरून टेबलाभोवती दोन फेऱ्या घातल्या. तेवढ्यात एक गृहस्थ फोटो घ्यायला आले आणि दारातच थबकले. अण्णा त्यांना गंभीरपणे म्हणाले, "बसा री. बाईंचा नवस आहे. अजून पाच फेऱ्या राहिल्यात."

लेन्सला ते नेहमी काच म्हणत, आणि काचांविषयी नात्यागोत्यातल्या बायकांविषयी बोलावं तसं बोलत. "लांबची काच चुगलखोर. तुझ्या हाताला मुंगी चावली तर हत्ती चावला म्हणून सांगते. रुंद काच सोशीक. थोरल्या सुनेसारखी. कितीही धक्के दे, तोंडावर काही दिसू देत नाही." कुठलीही काच कुठल्याही कॅमेऱ्यावर बसत नाही, प्रत्येकाच्या तोंडाचा आकार वेगळा असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "तोंड जुळलं म्हणजे संसार झाला असंही नाही," ते म्हणायचे. "पत्रिका बघावी लागते."

त्यांच्या खोड्यांची एक वही करता आली असती. एका लग्नात नवरदेवाचे काका नवा कोट घालून सारखे कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहत होते. अण्णा त्यांच्याजवळ गेले, आवाज खाली आणून म्हणाले, "काका, एक जबाबदारीचं काम आहे. घरचाच माणूस पाहिजे." आणि त्यांच्या हाती एक पांढरं उपरणं देऊन त्यांना मांडवाच्या पार कोपऱ्यात उभं केलं. "पांढरा रंग पांढरा दिसायलाय की नाही हे क्यामेऱ्याला सतत कळत राहिलं पाहिजे. अक्षता पडेपर्यंत खाली करू नका." कॅमेऱ्याला पांढरा रंग दाखवावा लागतो हे खरंच आहे, पण दोन सेकंदं. काका पाऊण तास दोन्ही हातांनी उपरणं ताणून उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर एवढं समाधान होतं की शेवटी अण्णांनीच जाऊन त्यांचा एक मोठा, सुंदर फोटो काढला. त्यांच्या खोडीत नेहमी असा एक परतीचा टाका असायचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका छोट्या संस्थेने कसूतीवर, म्हणजे आमच्याकडच्या पारंपरिक भरतकामावर, वीस मिनिटांचा माहितीपट करायचं ठरवलं. संस्थेचे अध्यक्ष इनामदार सर, निवृत्त प्राचार्य. निवेदन मी लिहायचं होतं. जिच्या हातची कसूती दाखवायची ती माझी मावसबहीण सुमाक्का. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि माळमड्डीत राहायची. डोळे अधू होत चालल्यामुळे तिने जाहीर केलं होतं की हातातलं इरकल लुगडं शेवटचं, त्यानंतर सुई नाही. छायाचित्रणासाठी मी अण्णांचं नाव सुचवलं. हे कळल्यावर ते बराच वेळ खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजवर लोकांच्या लग्नांत शूटिंग केलं. हे माझं लग्न."

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानातून सिनेमाचा मोठा कॅमेरा भाड्याने आणला. अण्णा तो हातात घेऊन लहान मुलासारखे खूश झाले. "वजनदार आहे. वजनदार वस्तू कमी हलते. माणसांचंही तसंच."

त्याच सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चहाचा पेला अर्धाच भरलेला असायचा. आठवड्याभराने त्यावर बशी झाकलेली दिसली. मग एके दिवशी चहावाला स्वतःच पेला घेऊन वर आला, आणि अण्णा त्याला काहीच म्हणाले नाहीत. त्यांचा उजवा हात खिशात असायचा. एकदा तो बाहेर राहिला तेव्हा मी पाहिलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सावकाश फिरत होती, न दिसणारी माळ ओढत असावीत तशी. मी कॉलेजात जाऊन वैद्यकाच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, दोन प्रकरणं वाचली आणि जागेवर ठेवून दिलं.

मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच. "अण्णांचा हात गेला" एवढे तीन शब्द कोप्पीकर रोडवर पोचले असते तर त्यांच्या हाती पुन्हा कुणी कॅमेरा दिला नसता. इनामदार सर भले गृहस्थ, पण त्यांनीही बेंगळूरहून दुसरा माणूस बोलावला असता आणि अण्णांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं असतं. स्वतःच्या नावाचा एकच सिनेमा होता, आणि तो अण्णांना दुसऱ्याच्या हातांनी झालेला बघायचा नव्हता.

दर सोमवारी सकाळी इनामदार सरांच्या दिवाणखान्यात आम्ही झालेलं काम बघायचो. पहिल्या सोमवारी टीव्हीवर सुमाक्काच्या अंगणातली तुळस दिसली. वारा नव्हता आणि तुळस थरथरत होती. मागची भिंतही थरथरत होती.

"पद्मनाभ, हे असं का दिसतं?" सरांनी विचारलं.

"काच जुळत नाही सर," अण्णा तत्काळ म्हणाले. "क्यामेरा आजचा, काच माझी जुनी. नव्या काचेत हात हलला तर आतल्या आत सावरून घ्यायचं यंत्र असतं. जुन्या काचेत नसतं. ह्या क्यामेऱ्याच्या पोटातही नाही."

यातलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. अण्णांची थाप कधी खोट्या विटांची नसायची. विटा सगळ्या पक्क्या, फक्त घर भलत्याच जागी.

"मग नवी काच आणा," सर म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी अण्णा नुसतेच आले. नवी काच आणली होती, पण तिचं तोंड कॅमेऱ्याच्या तोंडाला बसत नव्हतं. तिसऱ्या सोमवारी तोंड बसणारी काच मिळाली होती, आणि पडद्यावर सुमाक्काच्या घराचा उंबरा डुलत होता.

"आता काय?"

"तोंड जुळलं सर, पण बोलणं नाही. काचेतलं यंत्र चालायला क्यामेऱ्यानं तिला आतून हुकूम द्यावा लागतो. हा काही बोलत नाही, ती काही ऐकत नाही." अण्णांनी सुस्कारा सोडला. "एका छपराखाली राहून अबोला. कितीतरी घरांत असतं."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या आयुष्यात खोटं बोलण्याचे प्रसंग फार आलेले नाहीत, आणि आले तेव्हा मी पुस्तकाआड लपले आहे. त्या दिवशी हातात पुस्तक नव्हतं. "काच जुळत नाही सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ठीक. आणखी एक सोमवार. तोवर जमलं नाही तर बेंगळूरला फोन करतो. सुमाताईंचं लुगडं काही आपल्यासाठी थांबणार नाही."

फाटकाबाहेर आल्यावर अण्णा थांबले. "पुस्तकबाई, काचेतलं तुला काय कळतं गं?"

"काही नाही."

"मग एवढ्या ठामपणे कसं बोललीस?"

"वाचलं होतं."

"काचांबद्दल?"

"थरथरीबद्दल."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या कपाटात आहे ते पुस्तक?"

"सहाव्या."

"त्या कपाटाची किल्ली हरव."

त्यांच्याकडे एक फार जुनी काच होती. साध्या फोटोच्या कॅमेऱ्याची, पितळी अंगाची, त्यांच्या पहिल्या कमाईची. ती तरी बघू, असं त्यांनी ठरवलं. तिचं तोंड नव्या कॅमेऱ्याला बसवायला मधे एक कडं लागणार होतं. अण्णा त्याला बांगडी म्हणाले. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मापं लिहिली. आकडे वेडेवाकडे आले म्हणून पुन्हा मला लिहायला लावले. मग आम्ही हुबळीला गोकुळ रोडच्या बाजूला इरप्पाच्या लेथवर गेलो. इरप्पा आणि अण्णा जुने दोस्त. सायकलच्या चाकापासून देवळाच्या घंटेच्या लोलकापर्यंत इरप्पाने काय काय घडवलं होतं, पण कॅमेऱ्याला बांगडी तो पहिल्यांदाच भरत होता.

शुक्रवारी बांगडी तयार झाली. दिसायला देखणी, आरशासारखी घासलेली. अण्णांनी काच चढवली, शेडच्या दारात उभं राहून कॅमेरा रस्त्याकडे वळवला, आणि काच पूर्ण फिरवली. मग उलटी फिरवली. मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांनी मला बघायला लावलं. समोरचं पिंपळाचं झाड, टपरी, उभा ट्रक, सगळं दाट धुक्यात गेलं होतं.

"इरप्पा," अण्णांनी विचारलं, "माप बरोबर घेतलंस ना?"

"घेतलं की," इरप्पा म्हणाला. "फक्त दोन मिलीमीटर वर ठेवलंय. फार पातळ दिसत होतं अण्णा. तुम्ही एवढ्या लांबनं आलात, तुमच्या कामाला हात आखडता घेऊ काय?"

आमच्या भागात भाजीवाला तोलून झाल्यावर मूठभर वर टाकतो, वाढणारा नको म्हणेपर्यंत वाढतो, तसं इरप्पाने प्रेमाने दोन मिलीमीटर लोखंड वर घातलं होतं. काच कॅमेऱ्यापासून तेवढीच पुढे सरकली होती, आणि तेवढ्यानेच चार फुटांपलीकडचं जग संपलं होतं.

इरप्पाचा चेहरा उतरला. "तासून देतो अण्णा. अर्ध्या तासाचं काम."

अण्णा कॅमेरा खाली घेतच होते, तोच तो इरप्पाच्या छातीसमोर आला. पडद्यावर अचानक एक बटण उभं राहिलं. त्याची चार भोकं, त्यातून गेलेला दोरा, दोऱ्याचे पीळ, सगळं असं दिसलं की हात लावावा. मग ते बटण थरथरायला लागलं.

"थांब," अण्णा म्हणाले. "तासू नको."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "पण जवळून तर हात जास्तच हलताना दिसेल ना?"

"दिसेल की. जवळनं मुंगी चावली तर देवळाचा कळस पडतो." ते खिडकीबाहेर बघत होते. "पण दुसरं काही शिल्लक नाही पुस्तकबाई. उद्या शनिवार."

शनिवारी सकाळी सुमाक्का खिडकीखाली पाटावर बसली होती. मांडीवर लुगड्याचा काळा पदर, आणि त्यावर टाक्यांनी भरायचं शेवटचं गोपूर अर्धं झालेलं. अण्णांनी कॅमेरा उचलला, कोपरं बरगड्यांना लावली, अर्धा श्वास सोडला. सुमाक्काने मान वर केली.

"पद्दू, हात हलायलाय तुझा."

तीन आठवडे दोघा शिकलेल्या माणसांनी जे झाकून-पाकून ठेवलं होतं, ते तिने सुई टोचावी तसं टोचून टाकलं.

"काच जुळत नाही अक्का," अण्णा म्हणाले.

"काच कशी हलेल रे आपल्या आपण? हात हलायलाय. माझे डोळे गेलेत, पण एवढे नाही गेले."

अण्णांनी कॅमेरा मांडीवर घेतला. मी खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसले. सुमाक्काने सुई पदरात खोचली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात छोटीशी, चौकोनी, धुऊन पिवळी पडलेली एक उशी होती. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून खाली ठेवतात ती, मोहरी भरलेली.

"ह्याच्यावर माझ्या तीन नातवंडांची डोकी वळली," ती म्हणाली. "ठेव तुझं यंत्र."

"अक्का, मी क्यामेरा कशावर ठेवत नाही. आयुष्यात स्टँड लावला नाही."

"स्टँड कुठाय? उशी आहे. आणि तू हात काढू नको की. धरून बस. बाळ उशीवर असलं तरी आई हात काढते काय?"

अण्णांनी यावर विचार केला. नियमात बसतं की नाही हे ते अगदी प्रामाणिकपणे तपासत होते. "स्टँड नव्हे," ते शेवटी म्हणाले. "चालेल."

पासष्टी ओलांडलेला तो माणूस जमिनीवर पालथा झोपला. उशी पाटाच्या कडेवर ठेवली. मोहरी कॅमेऱ्याच्या पोटाखाली सरकली, दबली आणि तिने त्याला चारी बाजूंनी धरलं. तरी पडद्यावर बारीकशी थरथर राहिलीच. सुमाक्का वाकून तिरकी बघत होती. तिने पदराचं टोक ओढून उशीखाली दाबलं. "आता कापड आणि तू एकाच दोऱ्यात. तू हललास तर तेही हलेल. कुणाला कळणार?"

आणि थरथर गेली. हात पूर्वीसारखाच थरथरत होता, मला तो बाजूने स्पष्ट दिसत होता. पण पाट, उशी, कापड आणि काच सगळी मिळून इतकी थोडी हलत होती, की चित्रात ते उतरतच नव्हतं.

मग सुमाक्काने सुई घेतली. कसूतीला गाठ चालत नाही, आणि कापडावर आधी काही काढून घ्यायचं नसतं. धागे मोजत जायचं. जाताना एक टाका घालायचा, एक जागा सोडायची. येताना त्याच वाटेने सोडलेल्या जागा भरत यायचं. नीट जमलं तर उलट-सुलट बाजू कळत नाही. "मागची बाजू दाखवायला लाज वाटता कामा नये," ती टाका घालता घालता म्हणाली.

"माझी मागची बाजू आत्ता कुणी बघू नका म्हणजे झालं," जमिनीवरून आवाज आला.

"बोलू नको रे. उसरु बिगि हिडी."

श्वास घट्ट धरायला ती त्यांना सांगत होती, ज्यांनी अर्ध्या धारवाडाला श्वास धरायला शिकवलं. अण्णांनी श्वास धरला. पडद्यावर सुई पहारीएवढी झाली. रेशमाचा धागा दोरखंडासारखा कापडातून वर यायचा, ताणला जायचा आणि बसायचा. सोडलेल्या जागा एकेक करून भरत गेल्या. पावणेदोन तासांनी शेवटची जागा भरली आणि गोपूर मिटलं. सुमाक्काने ते बोटाने चाचपून पाहिलं.

"अक्का," काही वेळाने अण्णा म्हणाले, "झालं असेल तर मला कुणीतरी उठवा."

त्यांची कंबर धरली होती. सुमाक्काने एक हात धरला, मी दुसरा. ओढताना ती अशी हसायला लागली की तीच पाटावर बसली, आणि अण्णा पुन्हा खाली.

सोमवारी इनामदार सरांनी सगळं चित्रण एकदा पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर ते म्हणाले, "काच जुळली म्हणायची."

"जुळली सर. आडवं पडावं लागलं, पण जुळली."

बाकीचा माहितीपटही त्याच काचेने झाला. दोरा ओवणं, धागे मोजणारं नख, सुमाक्काच्या कपाळावरच्या रेषा, पाटावर पडलेलं ऊन. प्रदर्शनाला सभागृह भरलं होतं. नंतर बाहेरगावच्या एका अभ्यासू पाहुण्यांनी उभं राहून विचारलं, "संपूर्ण चित्रपटात चार फुटांपलीकडचं एकही दृश्य नाही. घर नाही, रस्ता नाही, आकाश नाही. यामागची आपली भूमिका काय?"

अण्णा माईकपाशी गेले. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. "सर," ते म्हणाले, "सुई हातात घेतली की बाईला चार फुटांपलीकडचं जग नसतं."

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अण्णा खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि तोंड न हलवता म्हणाले, "इरप्पाला कळवायला पाहिजे. भूमिका त्याची होती."

सत्काराच्या वेळी सरांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. नारळ मात्र त्यांच्या हाती दिला नाही. "हा असू द्या माझ्याकडे," सर हळूच म्हणाले, "तुम्ही फोटोकडे बघा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरांनाही ठाऊक होतं. कदाचित पहिल्या सोमवारपासूनच.

त्यानंतर अण्णांचा आजार वाढत गेला. स्टुडिओ बंद झाला. हुबळीच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आधी तुम्ही करा डॉक्टर. नमुना कळू दे." डॉक्टरांनी हसत हात पुढे केले. अण्णांनी ते वाकून निरखले आणि गंभीरपणे सांगितलं, "तुमची काच बरी आहे." घरी आल्यावर हा प्रसंग त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वैनींना, मला आणि दूधवाल्याला वेगवेगळा करून सांगितला. दूधवाल्याच्या आवृत्तीत डॉक्टरांचे हातही थरथरत होते.

या माघात ते गेले. वैनी म्हणाल्या, सकाळी त्या कूस बदलायला मदत करत होत्या तेव्हा अण्णांनी मान हलवून नको म्हटलं, आणि थोड्या वेळाने श्वास थांबला.

त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. शेवटच्या महिन्यांत मी त्यांना वाचून दाखवायची. त्यांना पुस्तकांची आवड कधीच नव्हती, पण ऐकत पडायचे आणि मधेच लेखकाच्या चुका काढायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज फार खोल गेला होता, ओठांजवळ कान न्यावा लागत होता. मी वाचत राहिले. तिसऱ्या पानावर त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"पुस्तक हलायलंय, पुस्तकबाई."

मी पुस्तक मांडीवर टेकवलं. "वारा आहे," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. ओठांचा एक कोपरा वर गेला.

"वाच," ते म्हणाले. "मी कुणाला सांगत नाही."